‘पट्टी नॉर्मल आली’ : सायकोसिसची सुरुवात आणि मेंदूच्या लहरी

सुरंगी | सोमवार, रात्री ९.४०

मी ईईजी टेक्निशियन आहे, ११ वर्षं झाली. ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींची नोंद, लोक तिला ‘डोक्याची पट्टी’ म्हणतात. त्यातली चार वर्षं बंगळुरात एका संशोधन प्रयोगशाळेत काढली, बाकी सगळी इथे रत्नागिरीत. रोज चार-पाच जणांच्या डोक्याला वायरी लावते. सायकोसिसवर, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, नाहक संशयानं घेरणं, असं वास्तवाचं भान सुटण्यावर, हा धागा काढायचं बरेच महिने मनात होतं, आज बसलेच.

माझा मामेभाऊ. देवगड तालुक्यात घर, हापूसची कलमं, कॉलेजला कणकवलीत जायचा. १९ वर्षांचा होता तेव्हा. पावसाळ्यात त्याची आधी झोप गेली. मग अंघोळ टाळायला लागला, पंगतीला बसेना. मामीनं वाढलेलं ताट आधी हुंगायचा, मग कडेकडेचा भात तेवढा खायचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून ठेवली. एका रात्री मला फोन केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, बातम्यांत मधेमधे माझ्यासाठी वेगळे शब्द टाकतात. तुला येतात का गं ऐकू?"

गावात कुणीतरी मामांना सांगितलं, एकदा डोक्याची पट्टी काढून घ्या. मामा त्याला घेऊन माझ्याकडेच आले. डोक्याला खोबरेल थापलेलं, म्हणून आधी शाम्पूनं केस धुवायला लावले, कारण तेलावर इलेक्ट्रोड बसत नाही. मग टेपनं डोकं मापलं, पेन्सिलीनं खुणा केल्या, भांग पाडत पाडत २१ जागी पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवले. तो पूर्ण वेळ माझ्या हाताकडे बघत होता. "यातून आत काही सोडत नाहीत ना?" असं दोनदा विचारलं. मी वायर त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, यातून फक्त बाहेर येतं, आत काही जात नाही. तेव्हा डोळे मिटले.

रिपोर्ट नॉर्मल आला. मामांनी कागदाची घडी घालून देवघरात ठेवली. "मशीन सांगतं काही नाही, मग काही नाही." मनोविकारतज्ज्ञांना दाखवा असं मी म्हटलं होतं, पण चाचरत, दारात उभी राहून. नीट समोर बसवून त्या कागदाचा अर्थ सांगितला नाही. पुढचे आठ महिने औषधाविना गेले. शिमग्याच्या आत त्यानं खाणंच सोडलं तेव्हा कुठे उपचार सुरू झाले. आता तो बरा आहे, गोळ्या चालू आहेत, बागेत फवारणीचं बघतो, उरलेली परीक्षा देतोय. पण ते आठ महिने माझ्या मनातून जात नाहीत.

तर त्या कागदाचा अर्थ काय, ते इथे सविस्तर लिहिते.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म बदलांतून बोलतात. लाखो पेशी एका तालात आल्या की त्याची पुसटशी खूण कवटीवरच्या कातडीपर्यंत पोचते, आणि तीही किती, तर व्होल्टचे काही दशलक्षांश. माणसाच्या मेंदूची ही नोंद पहिल्यांदा जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतली, १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ होते, ही गोष्ट मला नेहमी लक्षात ठेवावीशी वाटते. पण हे यंत्र खऱ्या अर्थानं उपयोगी पडलं ते फिट्सच्या आजारात. आपल्याकडे २०-३० मिनिटांची जी पट्टी काढतात, ती मुख्यतः अपस्मार, मेंदूची सूज, बेशुद्धी यांचा माग काढायला. कुणाला आवाज ऐकू येतात का, कुणाला संशयानं घेरलंय का, हे त्या पट्टीत डोळ्यांनी दिसत नाही. स्किझोफ्रेनिया (ज्यात असा सायकोसिस होतो तो दीर्घ मनोविकार) असलेल्या कितीतरी पेशंटची साधी पट्टी नॉर्मलच येते. भावाच्या कागदावरच्या ‘नॉर्मल’चा अर्थ ‘त्या अर्ध्या तासात फिटची खूण सापडली नाही’ एवढाच होता.

मग मेंदूच्या लहरींवरून सायकोसिसचा अभ्यास करतात तो कसा? तिथे पट्टी नुसती बघत नाहीत. मेंदूला काहीतरी ऐकवतात आणि तो काय उत्तर देतो ते मोजतात.

आजोळी शेजारचे खलाशी सांगायचे, ट्रॉलरवर इंजिनाच्या अगदी बाजूला गाढ झोप लागते. धडधड चालू आहे तोवर कुणी हलत नाही. पण इंजिनाचा आवाज जरासा बदलला की सगळे एकदम उठून बसतात. कान देऊन कुणीच ऐकत नसतं, तरी मेंदू हिशेब ठेवत असतो: आता हाच आवाज येणार, आता हाच. नेम चुकला की तो दखल घेतो. प्रयोगशाळेत आम्ही हेच करायचो. मुलाला खुर्चीत बसवायचं, समोर आवाज बंद केलेला कार्टूनपट, कानात हेडफोन. हेडफोनमध्ये टुक, टुक, टुक, एकसारखे बारीक सूर, आणि मधेच एखादा थोडा लांब. सुरांकडे लक्ष देऊ नकोस असंच सांगायचं. वेगळा सूर आला की साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत मेंदूच्या नोंदीत एक छोटी खळी पडते. तिला मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणतात, फिनलंडचे रिस्टो नॅटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ती दाखवली. एका सुराला ती दिसतच नाही, बाकीच्या लहरींत बुडून जाते. शेकडो वेळा ऐकवून सरासरी काढली की मग वर येते.

स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये ही खळी उथळ असते, हे १९९१ पासून वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा आढळलंय. निरोगी स्वयंसेवकांना थोडं केटामाइन (भूल देण्याचं औषध) दिलं तरी ती उथळ होते. केटामाइन मेंदूतले एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या जागा, अडवतं. म्हणून या आजारात त्याच रिसेप्टरांच्या कामात गडबड असावी, या विचाराला इथून बळ मिळालं. आणखीही चाचण्या आहेत. अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं दोन टिचक्या ऐकवायच्या. निरोगी मेंदू दुसरीला कमी उत्तर देतो, जणू ‘कळलं, कळलं’ म्हणतो. या आजारात बऱ्याच जणांचा मेंदू दुसरीलाही जवळपास तेवढंच उत्तर देतो. किंवा सेकंदाला ४० टिचक्या ऐकवायच्या आणि मेंदू त्या तालावर किती घट्ट चालतो ते बघायचं. तो तालही सैल पडलेला सापडतो.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं गटाचं आहे. १०० आजारी आणि १०० निरोगी यांच्या सरासरीत फरक स्पष्ट दिसतो, पण एकट्या मुलाची खळी बघून हा आजारी आणि हा नाही असं सांगता येत नाही, इतके दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले असतात. शिवाय आजाराच्या अगदी सुरुवातीला ही खळी जुन्या आजाराइतकी उथळ झालेलीही नसते. नेमकी जिथे आपल्याला गरज आहे तिथेच फरक कमी दिसतो. ज्यांना पुढे सायकोसिस झाला त्यांच्यात ती आधीपासूनच कमी होती असं काही अभ्यासांत दिसलं, सगळ्यांत नाही.

म्हणून मी जीव तोडून सांगते: घरात असं काही दिसत असेल तर पट्टीच्या कागदावर थांबू नका. तुमचे अनुभव असतील तर लिहा.

---

खाडीकाठ | सोमवार, रात्री १०.२५

ताई, वाचून घशाक आवंढो इलो. माझ्या मोठ्या भावाक असाच झाला होता, १९९८ ची गोष्ट. आमच्याकडे सगळ्यांनी ‘भायरचा’ म्हणान सांगितल्यानी. कौल लावलो, गाऱ्हाणा घातला, कोणीतरी सांगितला राखणदाराचो मान चुकलो, तो दिलो.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो. चार वर्षं गेली. त्याला कुणी मारलं नाही, बांधलं नाही, आईनं प्रेमानंच केलं सगळं. पण चार वर्षं तो एकटा त्या आवाजांबरोबर होता. पुढे रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेला. साध्या गोळ्यांनी पुरता फरक पडला नाही तेव्हा क्लोझापिन सुरू केलं. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायला जायचो, पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून. त्यावरच तो सुधारला. आज ४७ वर्षांचा आहे, सुपारी सोलतो, भाच्यांना पोहायला शिकवतो.

एक विचारायचं होतं. क्लोझापिन चालू असताना एकदा त्याची पट्टी काढली होती, त्यात बदल आहेत म्हणाले. ते आजाराचे की औषधाचे?

---

सुरंगी | सोमवार, रात्री १०.५०

दादा, क्लोझापिननं पट्टी बदलते हे माहीत असलेलं आहे. लहरी संथ होतात, आणि डोस वाढला की फिट येण्याची शक्यताही वाढते. त्या वेळी कोणते बदल होते हे त्यांच्या डॉक्टरांनीच सांगावं, पण औषध हे कारण असू शकतं. संशोधनातही हीच अडचण येते. वर्षानुवर्षं गोळ्या घेतलेल्या माणसाच्या लहरींत आजार किती आणि औषध किती हे वेगळं काढणं कठीण. म्हणून सुरुवातीच्या, शक्यतो औषध सुरू व्हायच्या आधीच्या मुलांचा अभ्यास इतका मोलाचा.

तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

---

बकुळ | मंगळवार, सकाळी ७.१५

चांगला धागा. थोडं अवांतर होईल, पण बातम्यांत आरोपींचं ब्रेन मॅपिंग म्हणतात ते हेच का? माझ्या सासूबाई म्हणतात, पोराच्या डोक्याला वायरी लावल्या की सरकारकडे नोंद जाते, मग नोकरी मिळत नाही. त्यांच्या या भीतीपायी आम्ही एकदा थांबलो होतो.

---

सुरंगी | मंगळवार, दुपारी १.३०

अवांतर अजिबात नाही, हा प्रश्न मला रोज विचारतात.

यंत्र त्याच जातीचं, काम वेगळं. ओळखीची, महत्त्वाची वाटणारी गोष्ट समोर आली की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी एक उंचवटा येतो, त्याला पी-३०० म्हणतात. १९६५ मध्ये तो प्रथम दाखवला गेला. तपासात ‘हे तू आधी पाहिलंयस का’ हे ताडायला त्याचा वापर करू पाहतात. स्किझोफ्रेनियात तोच उंचवटा बुटका होतो, म्हणून आमच्याकडेही तो मोजायचे. संमतीशिवाय कुणाचं नार्को किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय.

आणि पट्टीतून विचार वाचता येत नाहीत. भावाला मी हेच सांगितलं होतं. त्याला वाटायचं सगळे त्याचं मन वाचतात, आणि मी त्याच्या डोक्याला वायरी लावत होते. किती घाबरला असेल, हे मला नंतर उमगलं. आता मी प्रत्येकाला आधी स्क्रीन दाखवते. डोळे मिचकाव म्हणते, रेषा उसळते. दात दाबून धर म्हणते, सगळी पट्टी काळी होते. मग म्हणते, बघ, दिसतं ते एवढंच.

सासूबाईंना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क पेशंटला दिलाय.

---

लोणेरेकर | मंगळवार, रात्री ८.०५

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सिग्नल प्रोसेसिंग हा आवडीचा विषय. एकाची सरासरी पुरत नसेल तर मशीन लर्निंगनं शेकडो गुणधर्म एकत्र बघून अंदाज बांधता येईल ना? आता डोक्याला बांधायचे स्वस्त पट्टेही मिळतात. गावोगावच्या आरोग्य केंद्रात एकेक ठेवला तर?

---

सुरंगी | मंगळवार, रात्री ९.२०

तुझ्यासारख्यांनी यात यावं असं मनापासून वाटतं, म्हणून अडचणीही सांगते.

पहिली, आकडे. एका केंद्रात पुरेशी मुलं मिळत नाहीत. थोड्या मुलांवर शिकवलेला प्रोग्राम त्याच मुलांवर उत्तम चालतो आणि दुसऱ्या गावात आपटतो. दुसरी, यंत्र. आजारी मुलांची नोंद एका यंत्रावर आणि निरोगी मुलांची दुसऱ्यावर घेतली असेल, तर प्रोग्राम आजार न शिकता यंत्रातला फरक शिकतो, आणि निकाल तर ९० टक्के दिसतो. त्यातून वय, झोप, सिगारेट, गांजा, गोळ्या या सगळ्याची छाप लहरींवर पडते. या कारणांसाठीच अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं २०२० मध्ये एएमपी-एससीझेड नावाचा मोठा प्रकल्प सुरू केला. बऱ्याच देशांतली केंद्रं एकाच पद्धतीनं ईईजी, एमआरआय, रक्त, बोलण्याचे नमुने गोळा करतायत.

आणि तिसरी, आपली हवा! एप्रिल-मे मध्ये इथे घामानं इलेक्ट्रोड सुटतो, पट्टीवर भरती-ओहोटीसारख्या संथ लाटा येतात. नवख्या माणसाला त्या आजाराच्या वाटू शकतात. अर्थिंग नीट नसलेल्या इमारतीत ५० हर्ट्झची गुणगुण सगळीकडे घुसते. लाइट जाऊन इन्व्हर्टरवर आलं की आणखी वेगळा आवाज. स्वस्त पट्ट्यात तर कपाळावरचे दोन-चार बिंदू, आणि तिथे डोळ्यांची हालचालच जास्त येते. यावर काम करशील तर तुझा प्रोजेक्ट खरंच कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

---

आडवाट | मंगळवार, रात्री ११.१०

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गात काम करतो. सुरंगीताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे. एका ठिकाणी भर घालतो, कारण कुणी ‘पट्टी बिनकामाची’ असा अर्थ काढायला नको.

पहिल्यांदाच सायकोसिस दिसतो तेव्हा काही जणांची पट्टी मी आवर्जून मागवतो. सगळं दोन-चार आठवड्यांत झपाट्यानं झालं असेल, सोबत ताप, फिट, गोंधळलेपण असेल, तोंडाच्या किंवा हाताच्या विचित्र हालचाली, बोलणं अचानक बंद पडणं असं काही असेल तर. एनएमडीए रिसेप्टरांवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते असा मेंदूच्या सुजेचा एक प्रकार आहे. योसेप डाल्माऊ यांच्या गटानं तो २००७ मध्ये ओळखला. तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो आणि सुरुवातीला हुबेहूब सायकोसिससारखा असतो. तिथे पट्टी बहुधा नॉर्मल नसते, आणि वेळेवर कळलं तर उपचारांनी मुलगी पूर्ण बरी होऊ शकते. गंमत बघा, सुरंगीताईंच्या त्या खळीमागे जे रिसेप्टर, तेच इथेही.

बाकी निदान होतं ते बोलण्यातून. मी पेशंटशी एकट्यानं बोलतो, घरच्यांशी वेगळं बोलतो, गरज पडली तर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा. यात तास जातो. लोकांना वाटतं डॉक्टरांनी नुसत्या गप्पा मारल्या, तपासणी काही केलीच नाही.

आणखी एक. ज्यांच्यात सौम्य, सुरुवातीची लक्षणं आहेत त्या सगळ्यांना सायकोसिस होत नाही. मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅकगॉरी, ॲलिसन युंग यांनी १९९० च्या दशकात अशा मुलांसाठी वेगळं केंद्र काढलं. पुढे जगभर जे अभ्यास झाले त्यांत तीन वर्षांत साधारण चौथा हिस्सा मुलांना सायकोसिस झाला, बाकीच्यांना नाही. म्हणून घाईनं शिक्का मारायचा नाही. लहरींच्या संशोधनाकडे मी आशेनं बघतो ते यासाठी: त्या चौघांतला कोण, हे उद्या जरा लवकर कळलं तर तीन घरांची धास्ती कमी होईल आणि चौथ्याला वेळेत मदत मिळेल.

---

रापण | बुधवार, पहाटे ५.३५

रात्रभर वाचत होतो. नाव नाही लिहीत. मालवणच्या बाजूचा आहे, होडी आहे आमची.

भाची बारावीला आहे, १७ वर्षांची. दिवाळीपासून शाळेत जाईना. खिडकीला चादर लावून बसते. म्हणते, बोटीवरची माणसं तिच्याबद्दल बोलतात. किनाऱ्यापासून बोट कितीतरी लांब असते. मध्यरात्री उठून दाराची कडी बघते, सात-आठ वेळा. ताप नाही, फिट नाही, हळूहळूच झालंय. गेल्या महिन्यात पट्टी काढली. नॉर्मल. आम्ही पेढे वाटले.

---

सुरंगी | बुधवार, सकाळी ६.२०

भाऊ, आत्ताच वाचलं. पेढे वाटलेत याचं वाईट वाटून घेऊ नका, फिटचा आजार दिसला नाही हे चांगलंच आहे. पण चादर, कडी, बोटीवरची माणसं, हे त्या कागदात येत नाही. तिला मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. याच आठवड्यात.

ती काय म्हणते त्यावर वाद घालू नका. ‘बोटीवरून कसं ऐकू येईल’ असं पटवायला गेलात तर ती तुम्हालाही सांगणं बंद करेल. भीती वाटते का, झोप लागते का, एवढंच विचारा.

---

आडवाट | बुधवार, सकाळी ७.००

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची ओपीडी आहे, कोणत्या दिवशी ते फोन करून विचारून घ्या. तोवर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. रात्री ती फार घाबरली किंवा जीव द्यायचं बोलली तर थांबू नका, सरळ रुग्णालयात आणा. पट्टीचा कागद सोबत असू द्या. आणि कधीपासून काय काय बदललं ते एका वहीत तारखेनं लिहून आणा, मला विचाराल तर त्या वहीचा उपयोग सगळ्यात जास्त.

---

खाडीकाठ | बुधवार, सकाळी ७.४०

भावा, एकटो जाव नको. गाडी लागली तर सांग, माझी असा. ओरोस माका जवळ.

---

रापण | बुधवार, रात्री ९.१५

१४४१६ वर बहिणीनं फोन केला. बाईंनी पाऊण तास ऐकून घेतलं. उद्या सकाळी निघतो, खाडीकाठदादा गाडी घेऊन येणारेत. भाची आधी नको म्हणाली. मग मी विचारलं, झोप लागते का गं. रडायला लागली, म्हणाली लागत नाही मामा, झोपेचं औषध देतील का. येते म्हणाली.

वही लिहिली, दोन पानं झाली.

एकच विचारायचं राहिलं. आई तिच्या डोक्याला तेल घालायला बसलीय, म्हणते डोकं शांत होईल. सुरंगीताई, तुम्ही लिहिलं होतंत तेल चालत नाही. थांबवू का?

---

सुरंगी | बुधवार, रात्री ९.१८

नाही, घालू दे. उद्या वायरी लावायच्या नाहीत, उद्या फक्त बोलायचंय.